शेंदूर, काजळ आणि अभनपूरचा रॉड

लग्न ठरलं तेव्हा मी नागपुरातल्या मैत्रिणींना सांगितलं होतं, मुलाचा रायपूरला कारखाना आहे. अगदीच खोटं नव्हतं. तात्यापाऱ्यात पत्र्याची एक शेड होती, शेडमध्ये एक लेथ होतं, कोळशाची भट्टी होती आणि दारात पेरूचं झाड होतं. पहिल्याच आठवड्यात मी मोरपंखी साडी नेसून, तोंडाला पावडर लावून ‘कारखाना’ बघायला गेले. ह्यांनी मला बसायला ट्रकचं टायर दिलं. त्या साडीचा डाग शेवटपर्यंत निघाला नाही. समाजशास्त्रात बी.ए. झालेली ती पोरगी आज मला दिसली, तर मी तिच्या हातात आधी एक चिंधी देईन आणि म्हणेन, बाई, आधी टायर पुसावं, मग बसावं.

ह्यांचं काम म्हणजे जुन्या गाड्यांच्या इंजिनांची बेअरिंगं ओतणं. नव्या गाडीला बेअरिंग दुकानातून आणून बसवतात, जुन्या विलायती गाड्यांना ते तिथल्या तिथे ओतावं लागतं. वाचणाऱ्याला कळावं म्हणून सोपं करून सांगते. इंजिनाच्या पोटात एक मोठा दांडा फिरत असतो, तो क्रँक. पिस्टन वरखाली होतो आणि त्याचा जोर क्रँकपर्यंत नेणारा लोखंडी हात म्हणजे रॉड. रॉडची मूठ क्रँकला धरून असते. लोखंडानं लोखंड धरलं तर दोन्ही जळतील, म्हणून मुठीच्या आत एका मऊ धातूचा थर ओततात. तो थर म्हणजे बेअरिंग, आणि त्या धातूला व्हाइट मेटल म्हणतात. नखानं ओरखडा उठेल इतका मऊ. तेल संपलं, गाडी तापली, तर आधी हा थर झिजतो, वितळतो, आणि क्रँक वाचतो. तेवढ्यासाठीच तो तिथे असतो.

ओतायचं काम ह्यांचं. रॉड तापवायचा, आतून कल्हई करायची, भांड्यांना करतात तशीच, नाहीतर धातू धरत नाही. ओतताना मुठीच्या मधोमध साच्याचा जो दांडा ठेवायचा त्याला दिव्याची काजळी फासायची, म्हणजे त्याला धातू चिकटत नाही. वितळलेल्या धातूत झाडूची काडी बुडवून बघायची. काडी तांबूस झाली की ओतायचं, पेटली की थांबायचं. थंड झाल्यावर छोट्या हातोडीनं टकटक करायची. काशाच्या वाटीसारखा आवाज आला तर धरलंय, मडक्यासारखा आला तर पुन्हा भट्टी.

पुढचं काम माझं. ओतलेलं बेअरिंग कधीच क्रँकला नेमकं बसत नाही. मग क्रँकवर तेलात कालवलेला शेंदूर लावायचा, आरशावर फुंकर मारल्यावर जेवढी वाफ बसते तेवढाच पातळ. रॉड त्यावर आवळायचा, फिरवायचा, काढायचा. धातू जिथे उंच असतो तिथे लाल ठिपका उठतो. तेवढा ठिपका स्क्रेपरनं, म्हणजे तीन धारांच्या पात्यानं, अलगद खरवडायचा. पुन्हा शेंदूर, पुन्हा आवळा, पुन्हा काढा. करत करत सगळीकडे सारखे बारीक ठिपके उठले की झालं. काजळ, शेंदूर, कल्हई. माझी जाऊ म्हणायची, तुमचं वर्कशॉप आहे की शृंगाराचं दुकान?

हे काम माझ्याकडे आलं ते माझ्या हुशारीमुळे नव्हे, घरी बसून कंटाळा आला म्हणून. आणि आल्याबरोबर मी जो उजेड पाडला तो सांगते. एकदा शेंदूर संपला होता. मी म्हटलं, त्यात काय, घरात आहे की. देवघरातलं कुंकू आणलं, तेलात कालवलं आणि लावलं. बेअरिंग सगळीकडे लालच लाल. मी म्हटलं, वा, सगळंच उंच आहे वाटतं! दुपारभर गाणं गुणगुणत खरवडत बसले. हे आले तेव्हा रॉड क्रँकवर घंटेसारखा डुलत होता.

“हे काय लावलं वं?”

“कुंकू.”

ह्यांनी रॉड हातानं पुन्हा एकदा डुलवून बघितला. मग म्हणाले, “काहून? त्याचं लग्न लावून राहिली होती का?”

कुंकू हळदीचं असतं, दाणेदार. ते पसरतं आणि खोटी खूण देतं. शेंदूर शिशाचा, पिठाहून बारीक. मारुतीला लावतात तोच. हे मला बी.ए.च्या कोणत्याही पेपरात आलं नव्हतं.

ह्यांच्याकडून शाबासकी मिळवणं फार कठीण. इंजिन सुरू झालं की हे एक लांब पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, घ्यायचे, त्याचं टोक इंजिनावर टेकवायचे आणि लाकडी मूठ कानाला लावायचे. डॉक्टर छाती तपासतात तसं. बिघडलेलं बेअरिंग ठोकल्यासारखं वाजतं. चांगल्या बेअरिंगचा आवाजच नसतो. सगळं ऐकून झालं की हे मान हलवून म्हणायचे, “वाजत नाही.” बस्स. याच्यावरची पदवी त्यांच्याकडे नव्हती. मी पहिल्यांदा पातोड्यांची भाजी केली तेव्हा नवी नवरी म्हणून दाराआड उभी राहून कान देऊन होते. पानावरून उठताना म्हणाले, “वाजत नाही.” मी आत जाऊन रडले. अर्थ कळायला वर्ष गेलं.

गिऱ्हाइकंही एकेक. एक गृहस्थ पंडिताकडून मुहूर्त काढल्याशिवाय बॉनेट उघडू द्यायचे नाहीत. मुहूर्त नेमका माझ्या स्वयंपाकाच्या वेळी निघायचा. दुसरे एक गाडी आणायचे, दिवसभर शेडमध्ये पेरू खायचे आणि काम न करताच घेऊन जायचे. घरी करमत नाही, असं त्यांनी शेवटी कबूल केलं. पुढे आम्ही म्हातारे होत गेलो तशा अशा गाड्या कमी होत गेल्या, गाडीवाले त्यांच्याही आधी गेले. भट्टी महिना महिना पेटेना. तेव्हा रामटेकेसाहेब आले.

रामटेके रेल्वेतून रिटायर झालेले, मूळचे भंडाऱ्याकडचे. त्यांचे वडील एका मालगुजाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, घरी ड्रायव्हर होते. वडील चालवायचे ती जुनी गाडी मालगुजाराच्या नातवंडांनी कोंबड्या ठेवायला दिली होती. रामटेक्यांनी ती शोधून काढून विकत घेतली.

“दादा,” ते ह्यांना म्हणाले, “माह्या बाबानं जिंदगीभर ही गाडी पुसली. मी लहान असताना एक डाव मागच्या सीटवर जाऊन बसलो, तं त्यानंच मले कान धरून उतरवलं. आता बाबा नाही. पण गाडी चालली पाह्यजे.”

इंजिन उघडलं. कोण्या शहाण्यानं आत पाणी भरलेलं असताना ते सुरू करायचा प्रयत्न केला असावा. चार रॉडपैकी तिसरा वाकला होता. वाकलेला रॉड सरळ करता येतो, पण तो विश्वासाचा राहत नाही. दुसरा हवा, आणि त्याच बनावटीच्या इंजिनाचा हवा. कलकत्त्याला फोन झाले, मुंबईच्या भंगारवाल्यांना झाले. रॉडवर ओतीव नंबर असतो, तो सांगितला की पलीकडचे लोक हसायचे. आमची नात म्हणाली, “आजी, ऑनलाइन सब मिलता है.” तिनं शोधलं. त्या रॉडचं चित्र मिळालं.

मग एके दिवशी जेवता जेवता ह्यांना आठवलं. जुन्या काळी इकडे गाडीचा सांगाडा सडला की इंजिन काढून हालरला जोडायचे. हालर म्हणजे धान कांडायचं यंत्र. श्रीमंताची गाडी मेली की तिचं इंजिन गावात तांदूळ काढायचं.

आम्ही रायपूरजवळ अभनपूरच्या बाजूला फिरायला लागलो. रामटेके त्यांची रोजची गाडी चालवायचे, हे पुढे बसायचे, मी मागे मुरमुरे घेऊन. प्रत्येक बंद पडलेल्या हालरपाशी थांबायचं, आत डोकवायचं, निघायचं. शेवटी एका गावात सोनकुंवर दाई भेटली, इकडे आईला दाई म्हणतात. माझ्याहून मोठी, काटक, हातावर गोंदण. तिच्या नवऱ्याची हालर होती. वीज आली, मोठ्या मिली आल्या, तो गेला, आणि हालर तशीच राहिली. कोपऱ्यात इंजिन होतं. पुसलेलं. त्यावर हळदीचे हात उमटवलेले.

दाई म्हणाली, हरेलीच्या सणाला नांगर, कुदळ धुतात, पुजतात, गुळाचा चिला, म्हणजे धिरडं, ठेवतात, तेव्हा ती इंजिनालाही ठेवते. “घर के मनखे असन तो आय,” म्हणाली. घरच्या माणसासारखंच आहे.

ह्यांनी इंजिनाचं झाकण उघडून, बॅटरीचा उजेड पाडून रॉडचा नंबर बघितला आणि उठून बाहेर जाऊन उभे राहिले. मी ओळखलं, तोच आहे. पण हे मागेनात. शेवटी आले आणि तिच्या समोर उकिडवे बसले.

“दाई, हमको इसका एक हाथ चाहिए. पर निकाल लिया तो ये फिर कभी नहीं चलेगा. झूठ नहीं बोलूँगा.”

दाईनं इंजिनाकडे बघितलं. “अइसने घलो तो नइ चलय, बेटा.” तसंही कुठे चालतंय. मग म्हणाली, “ले जा. फेर चालू होही त मोला सुनाय बर लाबे.”

सुरू झालं की मला ऐकवायला आण.

हे गिऱ्हाइकाला कधी तारीख द्यायचे नाहीत, कबूल काही करायचे नाहीत. “बघू” हा त्यांचा ठेवणीतला शब्द. त्या दिवशी मात्र म्हणाले, “हव दाई. लाऊँगा.” मी आणि रामटेके एकमेकांकडे बघतच राहिलो.

पावसाळा सरताना ह्यांनी चारही रॉड ओतले. तिसऱ्या जागी अभनपूरचा. हात थोडे थरथरायला लागले होते म्हणून जास्तीचा थर ठेवला. “तुले खरवडाले काम पाह्यजे ना,” म्हणाले. हातोडीनं चारही वाजवून दाखवले. चारही काशाच्या वाटीसारखे. मग भट्टीवर पाणी शिंपडलं, ते नेहमीच शिंपडायचे, आणि घरी येऊन चहा मागितला.

मी पहिले दोन रॉड बसवले. तिसरा हातात घ्यायच्या आत हे गेले. दुपारी आडवे झाले होते. मी उठवायला गेले.

त्या दिवसांचं फार काही लिहीत नाही. जाऊ नागपूरहून आली. बायका जमल्या, जे करतात ते केलं. देवघरातला कुंकवाचा करंडा कोणीतरी उचलून नेला. मी बघत होते. एरवी माझ्या स्क्रेपरला कोणी हात लावला तर मी हात धरते. त्या दिवशी हात धरला नाही.

थोड्या दिवसांनी मी शेडमध्ये जायला लागले. तिसरा रॉड बाकावर तसाच होता. डबी उघडली तर शेंदूर संपलेला. ब्राह्मणपाऱ्यात मंदिरापाशी एक पूजेचं दुकान आहे, तिथूनच आणायची मी इतकी वर्षं. दुकानदाराला माहीत, काकी आली की हनुमानजीवाला शेंदूर. मी गेले. सवयीनं त्याचा हात पुडीकडे गेला, आणि मग माझ्या कपाळाकडे बघून परत आला. शेजारी एक नवी सून हळदीकुंकवाचं सामान घेत होती. ती जरा सरकून उभी राहिली.

“क्या दूँ, काकी?” तो दुसरीकडे बघत म्हणाला.

“कापूर,” मी म्हटलं.

दुसऱ्यांदा गेले, पुन्हा कापूर आणला. तिसऱ्यांदाही तेच. जन्मभर टायरवर बसलेली, मिस्त्र्यांना शिव्या दिलेली बाई, पण ‘शेंदूर’ म्हणायला तोंड उघडेना. घरात कापूर इतका साठला की मारुतीनंही पुरे म्हटलं असतं.

नात म्हणाली, “आजी, नीला वाला मँगा देती हूँ ना. सब वही लगाते हैं.” खुणेसाठी शेंदराऐवजी तयार निळा रंगही मिळतो. मी म्हटलं, माझ्या डोळ्यांना लालाची सवय आहे. खरी गोष्ट वेगळी होती. काम अडून होतं तेच मला बरं वाटत होतं. त्यांनी ओतलेलं शेवटचं ते होतं, आणि माझं काम ते खरवडून कमी करायचं होतं. दोन रॉड केले तेव्हा हे समोर बसून विडी ओढत होते. आता रोज शेडमध्ये जायचं, रॉडवर फडकं फिरवायचं, वाजवून बघायचं आणि घरी यायचं.

रामटेके अधूनमधून यायचे. गाडीचं नाव काढायचे नाहीत. पेरू खायचे, ह्यांच्या गोष्टी काढायचे. एकदा बाकावरचे कापराचे पुडे बघून म्हणाले, “वहिनी, इंजिनाची आरती करता काय?”

मला काय झालं कोण जाणे, मी सगळं सांगितलं. दुकान, ती सून, कापूर. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, “दाई वाट पाहून राहिली असन, वहिनी. म्हातारी आहे. दादानं शब्द देला होता.” आणि गेले.

दुसऱ्या दिवशी आले ते हातात कागदाची पुडी घेऊन. घामाघूम.

“घ्या. बाबानं दीक्षा घेतली तवापासून आमच्या घरात ही वस्तू कधी आली नाही. मी जिंदगीत पयल्यांदा असल्या दुकानात चढलो. तो मले विचारते, कौनसे मंदिर के लिए? मी म्हटलं, गॅरेज के लिए. तं तो माह्याकडेच पाह्यते.”

मी पुडी उघडली. आत कुंकू होतं.

मी हसायला लागले. हे गेल्यानंतर पहिल्यांदा. हसता हसता त्या टायरवर बसले, तोंडाला पदर लावला, तरी थांबेना. रामटेके घाबरले.

“काय झालं? मले काय माहीत, लाल तं लाल!”

“भाऊ,” मी म्हटलं, “याचं लग्न लावता का?”

मग ह्यांचा तो किस्सा त्यांना सांगितला, आणि सांगता सांगता हसण्याचं रडणं कधी झालं ते कळलं नाही. ते पेरूच्या झाडाकडे तोंड करून उभे राहिले. माझं आवरल्यावर म्हणाले, “चला. मी मांगतो, तुम्ही निस्तं बोट दाखवा.”

दोघं गेलो. रामटेक्यांनी छाती काढून सांगितलं, “हनुमानजीवाला. बेअरिंग के लिए.” मी बोट दाखवलं. दुकानदारानं पुडी बांधली, आणि मला म्हणाला, “काकी, पहले बोलना था ना.”

तिसरा रॉड मी सावकाश केला. इतका सावकाश कुठलाच केला नव्हता. लाल ठिपका दिसला की तेवढाच काढायचा, नखाच्या चंद्राएवढा. खाली कागद पसरलेला. खरवडलेला चुरा आमच्याकडे कधी फेकत नसत. डबीत भरायचा आणि पुढच्या भट्टीत टाकायचा. त्यामुळे रायपुरातल्या प्रत्येक जुन्या इंजिनात आधीच्या कुठल्या तरी इंजिनाचा थोडा धातू आहे. ही डबी भरली आणि झाकण लावलं. आता ओतणारं कोणी नाही. ती शेडमध्येच आहे, भट्टीशेजारी.

चौथा रॉडही झाला. इंजिन जोडलं, गाडी सुरू झाली. रामटेक्यांनी मला मागच्या सीटवर बसवलं. म्हणाले, आज कोणी कान धरणार नाही. आणि आम्ही अभनपूरची वाट धरली.

दाई ओट्यावर बसली होती. आता जास्त वाकली होती, पण आवाज ऐकताच उठून उभी राहिली. मी उतरले तशी माझ्या मागे बघायला लागली.

“तोर सियान कहाँ हे?” तुझा म्हातारा कुठाय?

मी काही म्हणायच्या आत तिनं माझं कपाळ बघितलं. माझा हात धरला आणि गाडीपाशी घेऊन गेली. रामटेक्यांनी बॉनेट उघडलं. इंजिन संथ चाललं होतं.

“हमर वाला कोन आय?” आमचा कोणता?

“तिसरा,” मी बोट ठेवून दाखवलं.

ती वाकली. डोळे मिटले. कपाळावर तेलाचा शिंतोडा उडाला, तिनं पुसला नाही. बऱ्याच वेळानं तिचा चेहरा उजळला.

“ए दे! सुन तो. बोलत हे.” ऐक तर, बोलतोय.

मी पिशवीतून ह्यांचा लांब पेचकस काढला. टोक इंजिनावर टेकवलं, मूठ कानाला लावली. पहिला, दुसरा, मग तिसरा. तिथे थांबले. कानात जीव आणून ऐकलं. ह्यांनी ओतलेलं, मी खरवडलेलं, त्या जागी काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं.

“सुनत हस?” दाईनं विचारलं.

“हव दाई,” मी म्हटलं, “बोलत हे.”

आणि पेचकसाची मूठ तशीच कानाशी धरून, दाईला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हटलं, “अहो, वाजत नाही.”